व्यायाम, कान आणि बिनतारी हेडफोन



गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला होता. तो आतां एका मोठ्या कचेरींत काम करतो. दिवसभर खुर्चीवर बसून प्रकृति बिघडूं लागल्यामुळें डॉक्टरांनीं त्याला रोज पाऊण तास व्यायाम सांगितला आहे. बोलतां बोलतां तो म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यांत घरीं आणि एरवीं बाहेर रस्त्यावर असा माझा व्यायाम चालतो. गाणीं ऐकण्यासाठीं बिनतारी हेडफोन घ्यावयाचा आहे. पण दुकानांत इतके प्रकार मांडून ठेवलेले असतात कीं, माणूस गोंधळून जातो. कोणता घेऊं?"

मी जन्मभर मुलांना इतिहास शिकविलेला माणूस. विजेच्या उपकरणांत मला गति ती किती असणार! परंतु एक गोष्ट मीं अनुभवानें शिकलों आहे. एखादी वस्तु निवडावयाची असेल, तर ती कोणासाठीं आणि कोणत्या अडचणींतून जन्मास आली हें आधीं पाहावें. म्हणजे ती आपल्या कोणत्या कामास येईल आणि कोणत्या कामास येणार नाहीं, हें आपोआप उमगतें. त्या विद्यार्थ्याला मीं जें सांगितलें, तेंच आज थोडें नीट जुळवून आपणांपुढें ठेवीत आहें.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचें पेटंट 1876 सालीं मिळालें. त्यानंतर थोड्याच वर्षांत मोठ्या शहरांतून टेलिफोनचीं केंद्रें निघालीं, आणि तेथें तारा जोडून देणाऱ्या कामगारांपुढें एक साधी अडचण उभी राहिली. एका हातानें श्रवणयंत्र कानाशीं धरलें, तर कामाला एकच हात उरे. तेव्हां तें यंत्र अंगावरच बांधून टाकण्याची युक्ति निघाली. हेडफोनचा जन्म झाला तो असा. तो करमणुकीसाठीं झालेला नाहीं. हात मोकळे राहावेत आणि कान मात्र कामाला जखडून राहावा, यासाठीं झालेला आहे. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व इतिहासांत ती पुनःपुन्हा डोकें वर काढते.

यानंतरचें नांव नॅथॅनिएल बाल्डविन यांचें. अमेरिकेंतील यूटा संस्थानांत राहणाऱ्या या गृहस्थांनीं 1910 च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरांत बसून दोन्ही कानांवर बसणारा, अत्यंत सूक्ष्म आवाजहि टिपणारा हेडफोन तयार केला आणि तो अमेरिकेच्या आरमाराकडे पाठविला. आरमारानें तो कसाला लावून पाहिला आणि मागणी केली. स्वयंपाकघरांत हातानें बनविणाऱ्या या माणसाला एका वेळीं थोडेच नग पुरवितां येत, तरी आरमारानें ते घेतले. जहाजावरील बिनतारी संदेश ऐकणाऱ्या माणसाला एक क्षीण टिकटिक ऐकावयाची असे. भोंवतालच्या वाऱ्याचा आणि यंत्रांचा आवाज त्याला नकोसा असे. म्हणून बाहेरचा आवाज जितका तुटेल तितका बरा, हा हेडफोनचा दुसरा गुण ठरला.

पुढें नभोवाणी सुरू झाली. मुंबईचें केंद्र 23 जुलै 1927 रोजीं उघडलें गेलें. त्या काळचा स्फटिक-संच विजेवांचून चाले. पण त्याचा आवाज इतका बारीक असे कीं, हेडफोन लावल्यावांचून कांहींच ऐकूं येत नसे. घरांत माणसें चार आणि हेडफोन एक, असा प्रसंग आला म्हणजे तो एखाद्या भांड्यांत ठेवीत. भांड्याच्या घुमण्यानें आवाज थोडा वाढे आणि सगळे त्याभोंवतीं डोकीं जमवून बसत. हेडफोन घरांत आला तो असा. पण तोंवर तो बसून ऐकण्याचाच होता. तारेनें संचाला बांधलेला माणूस जोर काढणार कसा आणि धांवणार कसा?

मग व्यायामाचा आणि ध्वनीचा संबंध अगदीं अलीकडचा आहे काय? मुळींच नाहीं. आपल्याकडे लेझीम खेळावयाची ती हलगीच्या नाहींतर ढोलाच्या ठेक्यावर. ठेका चुकला कीं पाऊल चुकलें. 1911 सालीं लिओनार्ड आयर्स या अमेरिकन अभ्यासकानें न्यूयॉर्क येथील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. बँड वाजत असतां स्वारांचा सरासरी वेग ताशीं 19.6 मैल भरला आणि बँड थांबला असतां 17.9 मैल. जपानमध्यें 1928 सालापासून नभोवाणीवरून व्यायामाचे कार्यक्रम होऊं लागले आणि तेथें लोक पियानोच्या सुरांवर एकत्र हातपाय हालवूं लागले. तात्पर्य, संगीतानें व्यायामास हुरूप येतो हें जुनेंच आहे. मात्र या सर्व उदाहरणांत आवाज मोकळ्या हवेंतून येत होता आणि तो सर्वांचा होता. तो एकट्याच्या कानांत कोंडलेला नव्हता.

हा आवाज एकट्याच्या कानांत येण्याच्या वाटेवर दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. पहिला 1958 सालचा. अमेरिकेंतील मिल्वॉकी येथील जॉन कॉस यांनीं दोन कानांना वेगवेगळा आवाज पुरविणारा स्टीरिओ हेडफोन विक्रीस आणला. संगीत ऐकण्यासाठीं हेडफोन घ्यावयाचा, ही कल्पना तेथून रूढ झाली. तरीहि तो जड होता आणि खुर्चीशीं बांधलेला होता.

दुसरा टप्पा 1 जुलै 1979 चा. त्या दिवशीं जपानमधील सोनी कंपनीनें ‘वॉकमन’ हें खिशांत किंवा कमरेला बाळगण्याचें टेपयंत्र बाजारांत आणलें. त्याचें खरें नावीन्य टेपपेक्षां हेडफोनांत होतें. त्या वेळचे सर्वसाधारण हेडफोन 300 ते 400 ग्रॅम वजनाचे असत; हा सुमारें 50 ग्रॅमचा होता. स्पंजाच्या दोन चकत्या आणि त्यांना जोडणारी पातळ धातूची पट्टी, एवढाच त्याचा संसार. माणूस गाणें ऐकत चालूं लागला आणि धांवूं लागला.

या पहिल्या वॉकमनवर एक नारिंगी रंगाचें बटण होतें. आज तें फारसें कोणाला आठवत नाहीं. पण मला तें फार बोलकें वाटतें. तें दाबलें कीं गाण्याचा आवाज खालीं जाई आणि यंत्रांतील ध्वनिग्राहक बाहेरचें बोलणें कानांत पोंचवी. एकट्यानें ऐकत बसणें हें सोबत्याशीं असभ्यपणाचें होईल, अशी शंका कंपनीचे अकिओ मोरिता यांस आली होती. म्हणजे कान झांकण्याची सोय करणाऱ्यांनींच कान उघडण्याचीहि सोय करून ठेविली होती! पुढें तें बटण काढून टाकण्यांत आलें. लोकांना एकटेपणच हवें होतें असें दिसून आलें.

परंतु रस्ता ही गोष्ट वेगळी. 1982 सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सीमधील वुडब्रिज या गांवानें हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास कायद्यानें बंदी केली. लोक हंसले, पण त्या नगरपालिकेनें एक खरी गोष्ट ओळखली होती. कामगारासाठीं आणि खलाशासाठीं बनलेली वस्तु, जिचा गुणच भोंवतालचा आवाज तोडणें हा आहे, ती आतां वाहनांच्या गर्दींत आली होती. गुण तोच राहिला. जागा बदलली, आणि गुणाचा दोष झाला.

आतां तारेकडे वळूं. धांवतांना हेडफोनची तार हाताला अडकते, कपड्यावर घासते, आणि तिची घांस थेट कानांत ऐकूं येते. हा जाच संपविला तो ‘ब्लूटूथ’ या बिनतारी पद्धतीनें. स्वीडनमधील एरिक्सन कंपनींत 1994 सालीं तिचें काम सुरू झालें. याप हार्टसेन हे डच अभियंते त्यांत प्रमुख होते. 1998 सालीं एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पांच कंपन्यांनीं संघ स्थापन केला. दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचें ‘निळा दांत’ अशा अर्थाचें टोपणनांव या पद्धतीस दिलेलें आहे.

या पद्धतीचें मर्म असें. ती 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी वापरते. म्हणजे लहरीची लांबी सुमारें 12 सेंटिमीटर, आपल्या वितीहून कमी. याच पट्ट्यांत घरोघरचीं इतरहि पुष्कळ यंत्रें बोलत असतात. त्यांच्या गलबल्यांत आपलें बोलणें बुडूं नये म्हणून ब्लूटूथ आपली जागा सेकंदाला 1,600 वेळां बदलूं शकतें. अशा उड्या मारण्याची कल्पना नवी नव्हे. हेडी लामार ही चित्रपट-नटी आणि जॉर्ज अँथील हे संगीतकार यांना पाणतीरांच्या गुप्त नियंत्रणासाठीं 1942 सालीं जें पेटंट मिळालें, त्यांत हेंच तत्त्व होतें. आणि त्यांनीं जागा घेतल्या होत्या 88, पियानोच्या पट्ट्यांइतक्या.

प्रारंभीं या पद्धतीचे हेडफोन डोक्यावरून किंवा मानेमागून जाणाऱ्या पट्टीचे असत. 2015-16 च्या सुमारास दोन्ही कानांचीं सुटीं, एकमेकांना न जोडलेलीं बोंडें बाजारांत आलीं, आणि डिसेंबर 2016 मध्यें ॲपल कंपनीचे ‘एअरपॉड’ विक्रीस आल्यावर त्यांचा प्रसार फार झपाट्यानें झाला.

इतिहास येथवर आला. आतां माझ्या विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न घेऊं. त्याचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें तर असें : हेडफोन निवडतांना छाप पाहण्यापूर्वीं जागा पाहावी. घर आणि रस्ता या दोन जागा कानाच्या दृष्टीनें अगदीं भिन्न आहेत.

घरांत धोका थोडा. बाहेरचा आवाज तुटला तर फार तर दाराची घंटा ऐकूं येणार नाहीं किंवा कुकरच्या शिट्ट्या मोजावयाच्या राहतील. उलट पंख्याचा आणि शेजारच्या दूरदर्शन-संचाचा आवाज तुटल्यामुळें गाणें हळू ठेवूनहि स्पष्ट ऐकूं येतें. म्हणून घरासाठीं कानाच्या पोकळींत घट्ट बसणारीं, रबरी टोंकांचीं बोंडें चांगलीं. मात्र त्यांचा एक स्वभाव आहे. कान असा बुजला असतां दोरीवरच्या उड्या मारतांना आपल्याच पावलांचे ठोके डोक्यांत घणासारखे ऐकूं येतात. ज्यांना हें सोसत नाहीं त्यांनीं सैल बसणारा प्रकार घ्यावा. पूर्ण कान झांकणारे मोठे हेडफोन सायकल-यंत्रावर बसून व्यायाम करणाऱ्यास चालतात. पण जमिनीवर उताणें पडून करावयाच्या व्यायामांत ते सरकतात आणि घामानें त्यांच्या गाद्या भिजतात. सूर्यनमस्कार घालणाऱ्यानें तर ते घेऊंच नयेत. पहिल्याच नमस्काराला ते जमिनीला लागतील.

रस्त्याची गोष्ट मी स्वतःच्या फजितीवरून सांगतों. एका सकाळीं भाच्यानें दिलेलीं घट्ट बोंडें कानांत घालून मी फिरावयास निघालों. गाणें रंगांत आलें होतें. एकाएकीं कोपराला सायकलची मूठ घासून गेली. पाहतों तों दूधवाला पुढें जाऊन पाय टेकून उभा. म्हणाला, "अहो गुरुजी, घंटी वाजवून वाजवून माझा अंगठा दुखला! मोटार असती तर?" मला उत्तर सुचलें नाहीं. चूक त्याची नव्हती, माझीच होती. डोळा समोरचेंच पाहतो, पाठीमागचा पहारा कान करतो. आणि त्या पहारेकऱ्याला मीं कोंडून ठेविलें होतें.

म्हणून बाहेर व्यायाम करणाऱ्यानें कानाची पोकळी मोकळी ठेवणारा हेडफोन घ्यावा. यांत दोन प्रकार आहेत. एकांत लहानसा ध्वनिवर्धक कानाच्या तोंडापाशीं, पण बाहेर राहतो. दुसऱ्यांत कानापुढील हाडावर टेकलेली चकती थरथरते आणि तो कंप हाडांतून अंतःकर्णास पोंचतो. हीहि युक्ति जुनी आहे. ह्यूगो गर्न्सबॅक या लेखकानें 1923 सालींच हाडावाटें ऐकविणारें एक यंत्र तयार केलें होतें. अशा हेडफोनांत गाण्याचा खर्ज थोडा पातळ लागतो आणि रहदारीच्या गोंगाटांत गाणें बुडतें. तें बुडूं द्यावें! त्या वेळीं रहदारीच ऐकावयाची असते. हाडावाटें येणारा आवाज कानास निरुपद्रवी असतो, असाहि एक समज आहे. तो बरोबर नाहीं. वाट निराळी असली तरी आवाज पोंचतो त्याच अंतःकर्णास.

बाहेर आणखी एक अनुभव येतो. घरीं उत्तम चालणारा हेडफोन मैदानावर मधून मधून तुटूं लागतो, आणि लोक दुकानदारास दोष देतात. कारण निराळें आहे. आपल्या शरीरांत पाणी पुष्कळ, आणि पाणी या लहरींना गिळतें. फोन मागच्या खिशांत आणि बोंड पुढच्या बाजूच्या कानांत, म्हणजे मध्यें आपलाच देह भिंतीसारखा उभा राहतो. घरांत लहरी भिंतींवर आणि छतावर आपटून वळसा घेऊन कानास पोंचतात. मोकळ्या मैदानांत परत फेंकावयास भिंतच नसते. उपाय सोपा आहे. फोन दंडाला बांधावा आणि तोहि ज्या बाजूचें बोंड फोनशीं बोलतें त्या बाजूस. तेवढ्यानें पुष्कळदां तक्रार मिटते आणि नवा हेडफोन घेण्याचा खर्च वांचतो.

यानंतर घाम आणि पाऊस. डब्यावर ‘आयपी’ हीं अक्षरें आणि पुढें दोन खुणा असतात. पहिली खूण धुळीची, दुसरी पाण्याची. ज्याची परीक्षा नोंदविलेली नाहीं तेथें ‘एक्स’ हें अक्षर येतें. पाण्याचा आंकडा 4 असेल तर कोठूनहि उडालेले शिंतोडे सोसतात. 5 असेल तर पाण्याची धार सोसते. 7 असेल तर एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडविलें तरी आंत पाणी शिरत नाहीं. घरच्या व्यायामास 4 पुरे. कोंकणच्या किंवा मुंबईच्या पावसांत धांवणाऱ्यानें 5 किंवा 7 पाहावा. पण ही परीक्षा साध्या पाण्याची आहे, आणि घाम खारा असतो. व्यायाम संपल्यावर बोंडें कोरड्या फडक्यानें पुसल्यावांचून पेटींत ठेवूं नयेत. नाहींतर विजेच्या सांध्यांवर गंज चढतो. पेटी स्वतः पाणी सोसते असेंहि गृहीत धरूं नये.

बॅटरीविषयीं एवढेंच सांगतों कीं, बोंड जितकें लहान तितकी त्यांतली बॅटरी लहान, आणि कांहीं वर्षांच्या वापरानें तिची शक्ति घटते. बहुतेक बोंडांत ती घरीं बदलतां येत नाहीं. मानेभोंवतींच्या पट्टीचा हेडफोन दिसावयास साधा असला तरी त्यांत मोठी बॅटरी मावते, आणि धांवतांना एक बोंड निसटलें तर तें गटारांत न जातां छातीवर लोंबत राहतें. काटकसरी गृहस्थानें त्याचा अव्हेर करूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आवाजाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं 2018 सालीं मिळून जो दंडक घालून दिला, त्याप्रमाणें प्रौढ माणसानें 80 डेसिबल आवाज आठवड्यास 40 तासांपेक्षां अधिक ऐकूं नये. यापुढें दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला अवघे 5 तास. लहान मुलांची मर्यादा याहून खालची, 75 डेसिबलची आहे. अंतःकर्णांत सुमारें 15,000 सूक्ष्म केसाळ पेशी असतात. माणसाच्या कानांत त्या एकदां मेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. व्यायामांत हा धोका अधिक असतो. अंगांत जोर चढला कीं बोट आपोआप आवाज वाढविण्याकडे जातें. आणि रस्त्यावर तर गोंगाटावर मात करण्यासाठीं जातें. व्यायामानंतर कानांत घूं घूं वाजत राहिलें तर ती सूचना समजावी. वर्गांत चाळीस मुलांच्या कलकलाटांत आयुष्य काढलेल्या मास्तरास ऐकूं न येण्याची किंमत कळते; नातवाचें बोबडें बोलणें दोनदां विचारावें लागतें तेव्हां ती अधिकच कळते.

कित्येक नव्या बोंडांत आतां बाहेरचा आवाज आंत घेण्याची सोय असते. एका स्पर्शानें गाणें मागें सरतें आणि भोंवतालचें जग ऐकूं येतें. वॉकमनवरचें तें नारिंगी बटणच जणूं परत आलें आहे. घर आणि रस्ता या दोहोंसाठीं एकच हेडफोन परवडत असेल, तर ही सोय असलेला घ्यावा आणि उंबरठा ओलांडतांना ती चालू करण्याची संवय लावून घ्यावी. मात्र ती विजेवर चालते, बॅटरी संपली कीं संपते, आणि वाऱ्यांत खरखरते. म्हणून जेथें वाहनांची वर्दळ आहे तेथें मोकळा कान हाच भरंवशाचा.

माझ्या विद्यार्थ्यानें हें सर्व ऐकून घेतलें आणि शेवटीं विचारलें, "म्हणजे गुरुजी, घरासाठीं एक आणि रस्त्यासाठीं एक?" मीं म्हटलें, "पैसे असतील तर तसें कर. नसतील तर घरासाठीं घे, आणि रस्त्यावर तो खिशांत ठेव. पहाटे पांखरें गातात, तेंहि थोडें ऐक." तो हंसला. परवां त्याचा फोन आला. त्यानें मोकळ्या कानाचा एकच घेतला आहे, आणि घरींहि तोच वापरतो. कारण विचारलें तेव्हां म्हणाला, "घरीं आई एकटी असते. तिनें हांक मारली तर ऐकूं आली पाहिजे." माझ्या यादींत हें कारण नव्हतें, पण मला तें सर्वांत चांगलें वाटलें.